धुरपाचं तेल

ऐक, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. तुला क्लचबाई माहीत आहेत ना? नाही? अगं, ड्रायव्हिंग स्कूलवाल्या. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही, कारण गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत शिकणाऱ्याच्या कानात एकच शब्द पडत असतो, "क्लच, क्लच, अहो क्लच", आणि मग तो माणूस झोपेतही डावा पाय दाबत राहतो. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलंय. आणि सगळे शिकले ते एकाच गाडीवर. जुनी डिझेल गाडी, दार लावायला खांदा लागतो, आणि मागून असा धूर सोडते की पोरांनी तिचं नाव धुरपा ठेवलंय. बाईंनाही ते नाव आवडतं, म्हणजे त्या वरवर रागावतात, पण स्वतःही धुरपाच म्हणतात.

तर या धुरपाचा बाईंना भयंकर अभिमान. कशाचा, माहितीये? ती इंजिनाचं तेल पीत नाही याचा. रोज पहाटे पहिला विद्यार्थी यायच्या आधी बाई बॉनेट उघडणार, डिपस्टिक, म्हणजे ती तेल मोजायची सळई, ओढणार, फडक्याने पुसणार, परत घालून परत ओढणार, आणि बघणार तर तेल वरच्या खुणेला टेकलेलं. कधी कधी खुणेच्याही वर. मग दिवसभर जो भेटेल त्याला, "एवढ्या वयाची गाडी, पण थेंब पीत नाही. भरलेल्या घरासारखी आहे." लोकांच्या नव्या गाड्यांना तेल घालावं लागतं म्हटल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ना, ते बघण्यासारखं असायचं.

शाळा त्यांच्या दादाची. म्हणजे कागदोपत्री दोघांची, पण ऑफिसात बसतो दादा आणि रस्त्यावर असतात बाई. दादा वाईट नाही हं, उगाच मनात काही आणू नकोस. फक्त त्याला धुरपा नकोशी झालेली. नवी गाडी घेऊ, तिच्यावर नवा पोरगा ठेवू, आणि "तू आता खुर्चीत बस, फोन घे, आराम कर." आराम. बाईंना त्या शब्दाने शिसारी यायची. पाय मुरगळला होता तेव्हा आठवडाभर बसल्या होत्या त्या खुर्चीत. फोन वाजला की टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. शेवटी टेबलाची फळी निखळली.

आता खरी गोष्ट. त्यांच्या वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, या वयात गाडी शिकायची ठरवली. नवरा ड्रायव्हिंग स्कूलचा मालक आणि आपण भाजी आणायला रिक्षा शोधतो, हे तिला आता सहन होईना. नणंदेला म्हणाली, "वन्सं, मला तुम्हीच शिकवायचं. ह्यांच्याबरोबर बसले तर एक तर गाडी ठोकेन नाहीतर ह्यांना."

तर दोघी गोदामांच्या मागच्या मोकळ्या पटांगणात. वहिनी स्टिअरिंगला, बाई शेजारी, आणि शेजारच्या सीटपुढेही ब्रेक-क्लच असतात ना शिकवण्याच्या गाडीत, त्यावर बाईंचे पाय. वहिनीने छान वळण घेतलं, पुन्हा सरळ आली, आणि अचानक इंजिन आपलं आपणच ओरडायला लागलं.

"रेस कमी करा."

"मी पाय काढलाय."

"वहिनी, पाय काढा म्हणते मी."

"अहो वन्सं, काढलाय, हे बघा, मांडी घालून बसते हवं तर."

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच वहिनीचे दोन्ही पाय हवेत. आणि इंजिनाचा आवाज चढतच चाललेला, बॉनेट थरथरतंय, मागे पांढऱ्या धुराची भिंत उभी. बाईंनी हात घालून किल्ली बंद केली. काही नाही. किल्ली काढून मांडीवर ठेवली. तरीही काही नाही. किल्ली बाहेर आणि इंजिन चालू, विचार कर तू. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालेलं, ती दार उघडायला लागली. बाईंनी तिचा दंड धरला, आपल्या बाजूचा क्लच दाबला, गिअर स्वतःच्या हाताने चौथ्यात टाकला, ब्रेकवर सगळा भार देऊन उभ्याच राहिल्या म्हण ना, आणि नवशिका गाडी बंद पाडतो तसा क्लच सोडून दिला. गाडीने अख्ख्या अंगाला असा हिसका दिला की वहिनीची पर्स मागच्या काचेला जाऊन आपटली. आणि शांत. इंजिन गप्प.

वहिनी बारीक आवाजात म्हणाली, "वन्सं, हा आजच्या धड्यात होता का?"

गॅरेजच्या मिस्त्रींनी ओढून आणली धुरपाला. मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा आणि जास्त मान हलवणारा माणूस. डिपस्टिक काढली, तेल बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, मग बाईंच्या नाकाशी नेलं.

"कसला वास?"

"डिझेलचा," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा एक छोटा पंप असतो, त्याच्या आतला रबराचा पडदा फाटलेला. डिझेल गुपचूप खाली तेलात उतरत होतं. गाडी तेल पीत होती, चांगली पीत होती, पण जेवढं पीत होती त्याहून जास्त डिझेल आत येत होतं, म्हणून डिपस्टिकवर कायम भरलेलं दिसायचं. शेवटी ते पातळ पाणी एवढं वाढलं की इंजिन श्वासाबरोबर तेच आत ओढायला लागलं आणि त्याच्यावरच पळायला लागलं. मग किल्लीला कोण विचारतो?

"खुणेच्या खाली गेलं तर काळजी करायची हे सगळ्यांना माहीत असतं," मिस्त्री म्हणाले. "वर गेलं तर लोक खूश होतात."

"लोक नाही, मी," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी मी."

घरी जाऊन त्यांनी दादाला स्वतःच सगळं सांगितलं. वहिनी डोळ्यांनी खुणावत होती, निम्मं गाळा, निम्मं गाळा, पण बाईंनी काही गाळलं नाही. दादा उठून बायकोला नीट न्याहाळून आला, सगळी जागच्या जागी आहे ना, आणि मग बहिणीसमोर उभा राहिला.

"शनिवारी तिची धुराची तपासणी आहे ना? पास झाली तर ठेव. नाही झाली तर भंगारात, आणि तू खुर्चीत. आता वाद नको."

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण पास झाली तर खुर्ची हा विषय परत काढायचा नाही."

"नाही काढणार."

"वहिनी साक्षीदार."

"मी तर आधीच हाडं मोजून बसलेय," वहिनी म्हणाली.

पंपाचा पडदा बदलायचं काम फुटकळ होतं. जुनं तेल काढलं, पाण्यासारखं भळाभळा आलं, फिल्टर बदलला. आणि मग प्रश्न आला, आता तेल कुठलं घालायचं? इथून पुढे घरात जे काही झालं ना, लग्नाच्या याद्यांनाही एवढं भांडण होत नसेल.

मिस्त्रींचं म्हणणं, वीस-पन्नास घाला. जाड तेल. म्हाताऱ्या इंजिनात सगळीकडे फटी पडलेल्या असतात, जाड तेल त्या भरून काढतं, आवाज बसतो, धूर बसतो, तपासणीत डोळे मिटून पास. दादाची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणाली छे, आत्या, पाच-तीस घाल, पातळ, पूर्ण सिंथेटिक, आतला सगळा गाळ धुऊन काढेल. मिस्त्री म्हणाले, गाळ धुऊन काढेल आणि गाळानेच बुजलेली, सांध्यांतून तेल गळू न देणारी जुनी सीलं मोकळी करेल, मग गॅरेजभर तेल पुसत बसा. भाची म्हणाली, काका, तुम्ही सगळ्या गाड्यांना जाडच सांगता. मिस्त्री म्हणाले, सगळ्या गाड्या माझ्याकडे म्हाताऱ्या होऊनच येतात, मी काय करू.

बाई मधे बोलल्याच नाहीत. त्यांनी दुकानातून थोडं थोडं तेल आणलं, जाड, पातळ, आणि मधलं ते पंधरा-चाळीस, तीन बाटल्यांत भरलं आणि रात्री वहिनीच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी उभं करून ठेवलं. पहाटे तिघी ओट्याशी. बाईंनी एकेक बाटली आडवी केली. पातळ तेल लगेच पळालं. मधलं जरा आळस देऊन निघालं. आणि जाड तेल, अगं, ते बाटलीच्या बुडाशी बसूनच राहिलं, सुट्टीच्या दिवशी पांघरुणात लोळणाऱ्या माणसासारखं.

"आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "धुरपा दिवसातून किती वेळा चालू होते?"

भाची म्हणाली, "सकाळी एकदा, दुपारी एकदा..."

"अगं, शिकवायची गाडी आहे ती. नवा माणूस क्लच सोडतो आणि ती बंद पडते. परत चालू, परत बंद. चौकात बंद, चढावर बंद. तुझी आई तर फाटकातून बाहेर पडायच्या आत..."

"तेवढं नाही सांगितलं तरी चालेल," वहिनी म्हणाली.

"प्रत्येक वेळी चालू होताना वरपर्यंत तेल पोचायला हवं. हिवाळ्यात पहाटे हे जाड तेल वर पोचेपर्यंत वरचं लोखंड कोरडं घासणार. लांब पल्ल्याच्या ट्रकला चालेल, तो एकदा चालू झाला की दुसऱ्या गावातच बंद होतो. आणि पातळ घातलं तर सीलं गळणार, ते मिस्त्रींचं खरं आहे. म्हणून मधलं. पंधरा-चाळीस, डिझेलचं. आणि लोक बदलतात त्याच्या निम्म्या वेळात बदलायचं."

भाचीने तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं की मुद्दा बरोबर आहे. गॅरेजात मिस्त्रींनी हे ऐकून मान हलवली, पण ती आडवी. "तेल बरोबर आहे बाई, पण तपासणी आधी आहे आणि हिवाळा नंतर. आणि एक सांगतो, हे इंजिन नुकतंच उधळलंय. आत काय दुखावलंय ते मला खोलल्याशिवाय कळणार नाही. जास्त रेस देऊ नका, जपून चालवा."

बाईंनी आपल्या हाताने मधलं तेल ओतलं. खुणेपर्यंत, वर नाही.

शनिवारी तपासणीला दोघीच गेल्या. दादा म्हणाला, मी येत नाही, माझ्या नजरेने नापास झाली असं नको. वहिनी स्टिअरिंगला, सावकाश, गर्दीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नेहमीसारखं. तिथला माणूस पेंगुळलेला, पण स्वभावाने बरा. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आत बसून रेस दाबली, यंत्राकडे पाहिलं. परत दाबली. आणि चुकचुकला.

"थोडक्यात राहिली हो. अगदी थोडक्यात."

बाईंनी स्वतः वाकून यंत्रावरचा आकडा पाहिला.

तो माणूस इकडेतिकडे बघून म्हणाला, "असं करा, समोर तेलाचं दुकान आहे. थोडं काढा आणि तेवढंच जाड तेल घाला. सोबत तो धूर दाबायचा डबा मिळतो, तोही घाला. सगळे तेच करतात. माझी जेवणाची सुट्टी झाली की परत लावू, आजच्या आजच. पास होईल, मी सांगतो ना."

दुकान खरंच समोर. रस्ता ओलांडला की झालं. डबे दारातच रचलेले.

वहिनी कुजबुजली, "वन्सं, घाला हो. घरी जाऊन काढून टाकू. कुणाला कळणारे? मी तर काही पाहिलंच नाही असं समजा."

बाई रस्त्याच्या कडेला उभ्या. एका बाजूला ते दुकान आणि दुसऱ्या बाजूला ती खुर्ची, तो फोन, ती निखळलेली फळी, रोज, कायमची. आणि खरं सांगू, त्या निघाल्या होत्या. रस्ता अर्धा ओलांडला होता त्यांनी. मग मधेच थांबल्या, रिक्षावाला ओरडला, तरी थांबल्या, आणि परत फिरल्या.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"रोज डिपस्टिक भरलेली दिसायची आणि मी खूश व्हायचे. दिसायला छान होतं म्हणून आत काय चाललंय ते बघितलंच नाही. आणि त्या सीटवर तुम्ही होतात वहिनी. आज यंत्रावर छान दिसावं म्हणून परत तेच करू? मग उद्या धूर कशाचा आहे हे मला कधी कळणार?"

"पण धूर आहे कशाचा?"

आणि इथे बाई बोटं मोजायला लागल्या. पंपाचा पडदा नवा, तेल नवं, फिल्टर नवा. मग उरलं काय? त्या धुरपाच्या मागे गेल्या, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. बोट काळंकुट्ट, कोरडी काजळी, जाड थर. आणि एकदम त्यांना हसूच आलं.

"वहिनी, ही गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलीये?"

"त्या दिवशी चौथ्यात गेली होती. मी होते."

"ते सोडा. एरवी? आपण वर्षानुवर्षं तिला सावकाश, सावकाश म्हणत पटांगणात फिरवतोय. ती कधी नीट तापलीच नाही. सगळी काजळी आत साचलीये, जोरात तापली तर जळून बाहेर पडेल. आठवडाभर आपण तेलावरून भांडतोय आणि हिला एकदा मनसोक्त पळू दिलं नाही कुणी."

"मिस्त्री म्हणाले होते जपून."

"म्हणाले होते."

"आणि इंजिन फुटलं तर?"

"तर ती आजच भंगारात जाईल आणि मी खुर्चीत," बाई म्हणाल्या. "बसा."

वहिनी सवयीने स्टिअरिंगच्या दाराशी गेली. बाईंनी तिला हाताला धरून दुसरीकडे नेलं आणि स्वतः चालकाच्या जागी बसल्या. वर्षांनी. इतक्या वर्षांनी की आरसे कुणीकडे वळवायचे तेच त्यांना सुचेना. आणि वहिनी शिकवणाऱ्याच्या जागी, समोर जादा ब्रेक. तो तिला बरा सापडला.

गावाबाहेर दगडाच्या खाणीकडे जाणारा लांब चढ आहे, सरळ आणि मोकळा. बाईंनी तिसरा गिअर ठेवला आणि पाय खालपर्यंत दाबला. धुरपा आधी गोंधळली, म्हणजे गाडी गोंधळते का, पण तशीच झाली, आणि मग उठली. मागे काळा ढग, असा की मागचा रस्ता दिसेना. आणि गाडी एकदम अडखळली.

"वहिनी, ब्रेकवरचा पाय काढा."

"मी नाही दाबला."

"वहिनी."

"बरं, थोडासा दाबला."

चढ संपेपर्यंत बाईंनी पाय उचलला नाही. इंजिनाचा आवाज चढला की त्यांना वाटायचं, आता सुटणार, आता परत सुटणार आपल्या हातातून, आणि कान सगळे त्या आवाजात. पण पाय उचलला की आवाज उतरायचा. ऐकत होती ती. वरून वळल्या, खाली आल्या, परत वर. काळा ढग करडा झाला. परत खाली, परत वर. वहिनी सीटला पाठ चिकटवून, दोन्ही पाय सीटवर घेऊन, चक्क मांडी घालून बसलेली, ब्रेकचा मोहच नको म्हणून. चौथ्या की पाचव्या खेपेला ती मागे बघून म्हणाली, "वन्सं, रस्ता दिसतोय."

तिथेच बाईंनी बॉनेट उघडून डिपस्टिक पाहिली, तेल जिथे हवं तिथे, आणि तशाच तापलेल्या गाडीने सुसाट परत. तपासणीवाला जेवणाचा डबा धुऊन हात पुसत होता. "घातलं का?" म्हणाला. बाई म्हणाल्या, "लावा नळी." त्याने रेस दाबली. परत दाबली. यंत्राच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. मग बाईंकडे पाहिलं.

"कुठलं घातलं हो? मलाही सांगा, लोकांना सांगत जाईन."

"काही नाही घातलं. चढावर नेऊन आणली."

त्याला काही पटलं नाही ते. पण शिक्का मारला. खुर्ची बाईंना लागली नाही, दादाने शब्द पाळला, आणि आता रोज शेवटचा विद्यार्थी उतरला की बाई धुरपाला त्या चढावर एक फेरी मारून आणतात. चालवते कोण माहितीये? वहिनी.

पण मिस्त्री अजून म्हणतात, बाई, वेडेपणा केलात, नशीब म्हणून इंजिन हातात राहिलं. आणि ते काही खोटं नाही ना? एका बाजूला हमखास पास करणारा डबा, रस्त्यापलीकडे. दुसऱ्या बाजूला तो चढ, आणि एकदा हातातून सुटलेलं म्हातारं इंजिन. तू असतीस तिथे, रस्त्याच्या मधोमध, तर काय केलं असतंस?